जुन्या सेल्फ-प्रोपेल्ड लॉन मोअरचं ग्रीसिंग: कुठे ग्रीस, कुठे तेल, कुठे काहीच नाही

सेल्फ-प्रोपेल्ड मोअर, म्हणजे इंजिनच्या जोरावर स्वतः पुढे सरकणारं गवत कापायचं यंत्र, हाताने ढकलावा लागायला लागला, की सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोन मतं पडतात. एक म्हणतं, ‘जुनं झालंय, नवीन घ्या.’ दुसरं म्हणतं, ‘जरा ग्रीस मारून बघा.’ दुसरं मत बरोबर असतं, पण अर्धंच. कारण पुढे होतं काय, तर डब्यातून बोटभर ग्रीस काढून चाकाच्या आत दिसेल त्या जागी भरलं जातं, मशीन काही दिवस बरं चालतं आणि मग आधीपेक्षाही वाईट होतं. दोष ग्रीसचा नसतो. आतली माती न काढता त्यावरच ग्रीस चढवलेलं असतं, आणि जिथे ते लावायचंच नव्हतं तिथेही लावलेलं असतं.

म्हणून आधीच सांगतो: या कामातला मोठा भाग साफसफाईचा आहे. ग्रीस लावणं शेवटची दहा मिनिटं. ज्याला साफसफाईचा कंटाळा आहे त्याने चाक उघडूच नये, कारण अर्धवट उघडून पुन्हा बंद केलेला ड्राइव्ह (चाकं फिरवणारी यंत्रणा) न उघडलेल्यापेक्षा लवकर झिजतो.

पुण्यात असे जुने मोअर अजून बरेच आहेत. कॅन्टोन्मेंट आणि कोरेगाव पार्कच्या बंगल्यांत, औंध-बाणेरच्या जुन्या सोसायट्यांत, शाळांच्या मैदानांवर. काही जण अमेरिकेतून घरी परतताना सामानाबरोबर मोअरही घेऊन आले, ती मशीन इंची नटबोल्टची. या मशीनचा पत्रा जाड असतो, प्रत्येक भाग नट सोडवून वेगळा करता येतो, आणि इंजिन ठणठणीत असेल तर केवळ चाकं फिरत नाहीत म्हणून ते भंगारात घालणं मला मान्य नाही. हा लेख पेट्रोलवर चालणाऱ्या, मागून चालत वापरायच्या आणि चाकाच्या आत दाते असलेल्या मोअरसाठी आहे. पुढची चाकं ओढणारा असो की मागची, तत्त्व तेच.

ताकद चाकापर्यंत कशी पोचते

हे समजून घेतल्याशिवाय पाना हातात घेऊ नका, कारण कुठे काय लावायचं हे यावरूनच ठरतं.

इंजिनचा शाफ्ट उभा असतो. त्याच्या खालच्या टोकाला पातं आणि पात्याच्या वर एक पुली. या पुलीवरून व्ही-बेल्ट ड्राइव्हच्या गिअरबॉक्सकडे जातो. हँडलवरचा लिव्हर दाबला की केबल बेल्टला ताण देते. काही मॉडेलमध्ये ती गिअरबॉक्समधला क्लच धरते. मग गिअरबॉक्समधला वर्म (स्क्रूसारखे आटे असलेला दांडा) आपल्या गिअरला फिरवतो आणि त्यातून आडवा शाफ्ट फिरतो. या शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, असतं. पिनियनचे दाते चाकाच्या आतल्या दात्यांच्या कड्यात अडकतात आणि चाक पुढे जातं.

आता महत्त्वाचा बारकावा. पिनियन शाफ्टवर घट्ट बसवलेलं नसतं. शाफ्टच्या टोकाला एक खाच असते आणि त्या खाचेत छोटी सैल चावी बसते. शाफ्ट पुढे फिरला की ही चावी सरकून पिनियनच्या आतल्या पायरीत अडकते आणि पिनियनला सोबत घेऊन जाते. चाक शाफ्टपेक्षा जोरात पुढे फिरलं, म्हणजे तुम्ही ड्राइव्ह न लावता मशीन पुढे ढकललं किंवा वळवताना बाहेरच्या बाजूचं चाक जास्त धावलं, तर चावी उतारावरून मागे सरकते आणि चाक मोकळं फिरतं. सायकलच्या फ्रीव्हीलचं काम ही एवढीशी चावी करते. तिला हलायला मोकळीक हवी. खाचेत घट्ट ग्रीस ठासलं, त्यात धूळ मिसळली, की चावी एका जागी चिकटते: आत चिकटली तर चाक ओढत नाही, बाहेर चिकटली तर मशीन मोकळं ढकलता येत नाही. ‘ग्रीस भरल्यावर बिघडलं’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

उघडण्याआधी तपासणी

इंजिन बंद, स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला. ड्राइव्हची दोन्ही चाकं जमिनीवरून जेमतेम सुटतील अशा बेताने डेकखाली (पात्यावरच्या पत्र्याच्या आवरणाखाली) लाकडी ठोकळे द्या. आता एक चाक हाताने पुढच्या दिशेला फिरवा. ते मोकळं फिरायला हवं, आतून हलका टिकटिक आवाज आला तरी चालेल. मग तेच चाक मागे फिरवा. आता ते शाफ्टला धरून घ्यायला हवं. शाफ्ट सोबत फिरताना दिसेल किंवा हाताला जाणवेल. दुसऱ्या चाकावरही हेच करा.

पुढे फिरवताना चाक जड जात असेल, तर चावी अडकली आहे किंवा चाकाच्या बेअरिंगमध्ये घाण आहे. मागे फिरवल्यावरही चाक शाफ्टला धरत नसेल, तर चावी आत चिकटली आहे, तिच्या कडा गोल झाल्या आहेत, किंवा पिनियनचे दाते गेले आहेत. चाक धरतं, मग कट्‌ आवाज करून सुटतं, पुन्हा धरतं, असं होत असेल तर चाकाच्या आतले दाते झिजलेत; तिथे ग्रीसचा उपयोग नाही. आणि दोन्ही चाकं हाताच्या परीक्षेत पास झाली, पण लॉनवर चढ आला की मशीन थांबतं, तर संशय बेल्टवर किंवा केबलवर घ्या.

मागे ओढताना जड जाणं हा मात्र दरवेळी बिघाड नसतो. ड्राइव्हचा लिव्हर सोडल्यावर मशीन आधी किंचित पुढे ढकलून मग मागे ओढायचं असतं, म्हणजे चावी पायरीतून सुटते. जोर लावून सरळ मागे ओढायची सवय लागली, की चावीच्या कडा आणि पिनियनच्या पायऱ्या दोन्ही लवकर गोल होतात. मशीन वापरणाऱ्या माळीदादांना ही एक गोष्ट आवर्जून दाखवा.

ग्रीस कोणतं घ्यायचं

ग्रीसचा घट्टपणा एनएलजीआय क्रमांकाने सांगतात. २५ अंश सेल्सिअसला ठरावीक वजनाचा शंकू ५ सेकंदांत ग्रीसमध्ये किती खोल रुततो, यावरून तो ठरतो. क्रमांक २ मध्ये तो २६.५ ते २९.५ मिलिमीटर जातो, क्रमांक ३ मध्ये २२ ते २५, आणि जवळजवळ वाहणाऱ्या क्रमांक ०० मध्ये ४० ते ४३. चाकाच्या दात्यांसाठी लिथियमचं क्रमांक २ ग्रीस सगळ्यात योग्य. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात नुसतं ‘ग्रीस द्या’ म्हटलं, तर बहुधा एपी-३ समोर येतं. तेही लिथियमचंच, पण क्रमांक ३, म्हणजे जरा घट्ट. ट्रकच्या चाकांच्या बेअरिंगसाठी ते उत्तम आहे. मोअरच्या दात्यांवर पातळ थर द्यायला चालेल, पण चावीच्या खाचेत आणि गिअरबॉक्समध्ये अजिबात नको. दुकानदाराला क्रमांक २ स्पष्ट सांगा. अर्ध्या किलोचा डबा अनेक वर्षं पुरतो.

दोन वेगळ्या प्रकारची ग्रीस एकमेकांत मिसळू नका. लिथियम आणि पॉलियुरिया (ग्रीस ज्याने घट्ट करतात ते दोन वेगळे पदार्थ) एकत्र आले की मिश्रण पातळ होऊन गळू शकतं किंवा कडक होऊ शकतं. रंगावरून प्रकार ओळखता येत नाही, कारण रंग कंपनी आपल्या मर्जीने घालते. जुनं ग्रीस पूर्ण धुऊन काढलं की हा प्रश्नच उरत नाही.

गंज सोडवायचे स्प्रे अडकलेला नट काढायला वापरा, पण वंगण म्हणून त्यांच्यावर विसंबू नका. त्यातला बराचसा भाग उडून जातो आणि मागे उरणारा थर दात्यांच्या दाबापुढे टिकत नाही. कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे प्लॅस्टिकच्या चाकाजवळही नेऊ नका, काही प्लॅस्टिक त्याने तडकतं.

बाकी सामान घरात किंवा रविवार पेठेतल्या बोहरी आळीत मिळेल: जुना टूथब्रश, तारेचा छोटा ब्रश, बांबूच्या काड्या, कॉटन वेस्ट, पत्र्याचं घमेलं, थोडं डिझेल, चारशे नंबरचा पॉलिश पेपर, नोज प्लायर, दोन आकाराचे स्क्रू ड्रायव्हर, हातमोजे. पान्यांबाबत एक खबरदारी घ्या. अमेरिकन मशीनवर नट इंचात असतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यावर १३चा पाना बसतो, पण सैल, आणि गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करून टाकतो. ९/१६ म्हणजे १४.२९, १४चा पाना त्यावर जातच नाही. पाऊण इंचाला १९चा चालतो, फरक नगण्य आहे. असं मशीन घरात असेल तर इंची सॉकेटचा छोटा सेट विकत घ्या. गोल झालेला नट छिन्नीने काढताना प्लॅस्टिकचं चाक फुटलं, तर जुन्या मॉडेलचं चाक सहजी मिळत नाही.

मशीन आडवं करण्याआधी

काम सुरू करण्याआधी प्लगची टोपी काढायची, हे पुन्हा सांगतो. ड्राइव्हचा शाफ्ट किंवा बेल्ट हाताने फिरवताना पातंही फिरू शकतं, आणि गरम इंजिन तेवढ्या हिसक्याने सुरू होऊ शकतं. टोपी काढून ती प्लगला परत चिकटणार नाही अशी बांधून ठेवा. इंजिन पूर्ण गार होऊ द्या.

चाकांचं काम करायला मशीन आडवं करायची गरजच नाही, ठोकळ्यांवर सगळं होतं. बेल्ट बघायला आडवं करावं लागलं, तर एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटर असलेली बाजू वर ठेवा. उलट्या बाजूला पाडलं तर फोर-स्ट्रोक इंजिनचं ऑइल एअर फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये शिरतं. मग सुरू होताना पांढऱ्या धुराचे लोट निघतात, किंवा दोरी ओढलीच जात नाही. टाकीतलं पेट्रोल आधी काढून घ्या, आणि हे काम पार्किंगमध्ये नाही, उघड्यावर करा.

पाण्याने धुणार असाल तर बागेच्या साध्या पाइपने, आणि आदल्या दिवशी. गाड्या धुवायच्या प्रेशर पंपाची धार चाकाच्या बेअरिंगमध्ये आणि गिअरबॉक्सच्या सीलमधून पाणी आणि माती आत ढकलते.

चाक उघडणं आणि धुणं

एका वेळी एकच चाक. दुसरी बाजू जशीच्या तशी ठेवा, म्हणजे जोडताना शंका आली तर तिकडे बघता येतं. हा नियम मी कधीच मोडत नाही.

चाकाची टोपी काढा. तिच्यामागे नट किंवा बोल्ट असतो. तो सोडवून चाक सरळ बाहेर ओढा. वायसर शाफ्टला चिकटून राहतात, ते हलवण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. निघालेला प्रत्येक भाग वर्तमानपत्रावर निघाला त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडा.

आता पिनियन समोर दिसेल. त्याच्या बाहेर ई-क्लिप (पिनियनला जागेवर धरणारी E आकाराची कडी) असते, काही मशीनवर सर्क्लिप. ती काढताना उडते आणि गवतात पडली की सापडत नाही. एका हाताने तिच्यावर कापडाचा तुकडा धरा आणि दुसऱ्या हाताने पातळ स्क्रू ड्रायव्हरने तिला खाचेतून बाजूला रेटा. मग पिनियन बाहेर ओढताना खाली तळहात धरा, कारण चावी खाचेतून सुटून पडते. चावी कोणत्या बाजूने बसली होती, तिची चपटी बाजू कुठे आणि उताराची कुठे, याचा फोटो आधीच घेतलेला बरा.

डाव्या आणि उजव्या बाजूची पिनियन वेगळी असतात, आतल्या पायऱ्या एकमेकींच्या उलट्या. बऱ्याचदा त्यांच्यावर एल आणि आर कोरलेलं असतं. अक्षर दिसत नसेल तर रंगाचा ठिपका द्या. अदलाबदल झाली तर सगळं जोडल्यावर मशीन पुढे जाणारच नाही.

चाकाच्या आतल्या कड्यात बघा. वर्षानुवर्षं वापरलेल्या मशीनमध्ये दात्यांच्या मुळाशी काळा, दगडासारखा थर सापडतो. गवताचा रस, ग्रीस आणि माती यांचं ते मिश्रण असतं. पुण्यातल्या लॉनसाठी हा मुद्दा विशेष आहे. आपल्याकडे लॉन लावताना लाल माती आणतात, आणि टॉप ड्रेसिंगला, म्हणजे लॉनवर वरून पातळ थर पसरायला, हल्ली नदीच्या वाळूऐवजी क्रश सँड वापरतात. ही क्रश सँड काळ्या बेसाल्टचा चुरा असते. नदीच्या वाळूचे दाणे घासून गोल झालेले असतात, क्रश सँडचे टोकदार. ते ग्रीसमध्ये बसले की ती ग्राइंडिंग पेस्टच होते, आणि प्रत्येक फेरीला दाते थोडे थोडे खात राहते. टॉप ड्रेसिंग केल्यावर पहिल्या एक-दोन कापण्यांनंतर चाकं उघडून बघावीत, मग वेळापत्रकात ते काम असो वा नसो.

तो थर बांबूच्या काडीने खरवडून काढा. प्लॅस्टिकच्या दात्यांवर स्क्रू ड्रायव्हर चालवू नका. मग घमेल्यात थोडं डिझेल घेऊन टूथब्रशने कडं, पिनियन आणि चावी धुवा. पेट्रोलने भाग धुण्याची पद्धत अनेक गॅरेजमध्ये दिसते. आगीचा धोका लक्षात घेता ती टाळा. चाकावर डिझेल रेंगाळू देऊ नका, कॉटन वेस्टने लगेच पुसा आणि भाग पूर्ण कोरडे होऊ द्या. शाफ्टच्या टोकावर गंज असेल तर पॉलिश पेपरने फिरवून घासा, खाचेतला कचरा काडीने काढा आणि कोरड्या कापडाने शेवटचा कण निघेपर्यंत पुसा. चावीच्या कडांवर बर (धातूचे बारीक काटे) आली असेल तर तीही पॉलिश पेपरवर हलकी घासता येते. फक्त आकार बदलू नका, बर काढा इतकंच.

आता निवाडा करायचा. चाकाचे दाते पूर्ण उंचीचे आणि वरून सपाट असतील तर उत्तम. एका बाजूने झिजून टोकदार झाले असतील, तरी घाबरू नका. चाकाचे दाते नेहमी एकाच अंगाने भार घेतात, आणि डावं चाक उजवीकडे बसवलं की फिरण्याची दिशा कड्याच्या दृष्टीने उलटी होते. म्हणजे दात्यांचं न झिजलेलं अंग कामाला येतं. दोन्ही चाकं सारखी असतील तर ही अदलाबदल मशीनला अजून काही मोसम देते. पिनियन मात्र आपापल्या जागीच राहतात, फक्त चाकं बदलायची. पिनियनचेच दाते गेले असतील आणि नवीन मिळत नसेल, तर नमुना घेऊन भोसरीच्या एखाद्या गिअर कापणाऱ्या वर्कशॉपमध्ये चौकशी करा. एक-दोन नग करून देणारे तिथे भेटतात.

लावायची वेळ

सुरुवात शाफ्टपासून. पिनियन जिथे फिरतं त्या भागावर बोटाने ग्रीसचा इतका पातळ थर द्या की धातू चमकताना दिसावा.

चावीच्या खाचेत ग्रीस नाही, तेल. बाइकचं २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल पुरतं. चावीला एक थेंब, खाचेत एक थेंब, वरचं पुसून टाका. चावी बसवून शाफ्ट हळूहळू फिरवा. ती स्वतःच्या वजनाने इकडून तिकडे सरकायला हवी. सरकत नसेल तर खाच पुन्हा साफ करा. माझ्या मते सगळ्या कामातली हीच परीक्षा निर्णायक आहे. ती पास न होता पिनियन चढवू नका. काही कंपन्यांची पुस्तिका इथे हलकं ग्रीस सांगते. तुमच्या मशीनची पुस्तिका हाताशी असेल तर तिचं ऐका, पण सरकण्याची परीक्षा तरीही घ्या.

पिनियन चढवा, वायसर आणि ई-क्लिप बसवा. क्लिप सैल वाटली किंवा वाकली असेल तर नवीन टाका, किंमत किरकोळ आणि ती निसटली तर पिनियनच निघून येतं. पिनियन हाताने एका दिशेला मोकळं फिरतं आणि दुसऱ्या दिशेला शाफ्टला धरतं, हे बघा.

दात्यांसाठी आता थांबून विचार करा, कारण सगळ्या मशीनना एकच उत्तर नाही. चाकाच्या मागे धूळ अडवणारं झाकण आहे आणि दाते धातूचे आहेत, तर ग्रीस लावा. पोळीला तूप लावतो तसं: प्रत्येक दात्याच्या अंगावर चकाकी यावी, दोन दात्यांमधली दरी भरू नये. चाक प्लॅस्टिकचं आणि मागून उघडं असेल, तर ग्रीस आणखी कमी, नुसतं पुसल्यासारखं, किंवा पूर्ण कोरडं ठेवून ग्राफाइट पावडर. प्लॅस्टिकच्या बुशवर (बेअरिंगऐवजी बसवलेल्या नळीवर) फिरणाऱ्या चाकांबद्दल काही कंपन्या पुस्तिकेत स्पष्ट बजावतात की तिथे तेल किंवा ग्रीस लावू नका, कारण ते बुश स्वतःच घसरट असतात आणि चिकट वंगण धूळ खेचून त्यांचं आयुष्य कमी करतं. अगदीच गरज वाटली तर थोडी ग्राफाइट पावडर. हा सल्ला पटण्यासारखा आहे, विशेषतः आपल्या मार्च ते मेच्या धुळीत.

चाकात बॉल बेअरिंग असेल आणि ते उघडं असेल, तर ते डिझेलने धुऊन, वाळवून, बोटाने गोळ्यांमध्ये क्रमांक २ ग्रीस दाबून भरा. दोन्ही बाजूंनी बंद बेअरिंगला काही करू नका. खरखरत असेल तर त्याच्यावरचा नंबर बघून नवीन आणा. काही जुन्या मशीनच्या चाकांना किंवा गिअर केसला ग्रीस निप्पल (ग्रीस गन लावायचं छोटं तोंड) असतं. निप्पलचं तोंड आधी कापडाने पुसा, नाहीतर त्यावरची माती गनच्या दाबाने थेट बेअरिंगमध्ये जाते. एक किंवा दोन झटके पुरे. जास्त मारलं तर सील बाहेर येतो.

चाक बसवताना वायसरचा क्रम फोटोशी जुळवा. एकच साधा नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप न सुटणारा) असेल तर चाक अगदी किंचित हलेल इतकाच आवळा. खांदा असलेला बोल्ट असेल तर तो पूर्ण आवळायचा, चाकाची मोकळीक खांदा ठेवतो. बाहेर आलेलं ग्रीस पुसा, सुरुवातीची हाताची परीक्षा पुन्हा करा, मगच दुसऱ्या बाजूला हात घाला.

बेल्ट, केबल आणि बाकीचे सांधे

बेल्टला, पुलीच्या खोबणीला आणि बेल्टच्या आसपास बोटांना लागलेलं ग्रीससुद्धा नको. घर्षणावर चालणाऱ्या भागावर वंगण गेलं की बेल्ट घसरतो, तापतो आणि खनिज तेलाने रबर फुगतं. बेल्टच्या बाजू चकाकत असतील किंवा आतून आडव्या भेगा दिसत असतील तर बदला.

ताण देणाऱ्या पुलीचा हात ज्या खिळ्यावर फिरतो त्याला तेलाचा एक थेंब, पुसून. चाकांची उंची बदलायच्या लिव्हरच्या सांध्यालाही तेच. हँडलवरची केबल जड चालत असेल तर वरच्या टोकाने दोन-तीन थेंब सोडून काही वेळ उभी ठेवा. आतून प्लॅस्टिकची नळी असलेल्या केबलला मात्र तेल लागत नाही, ती अडकली तर बदलायची. केबलचा ताण असा ठेवा की लिव्हर सोडल्यावर मशीन स्वतःहून पुढे सरकणार नाही. बेल्ट घसरतो म्हणून केबल जास्त ओढून ठेवणं धोक्याचं आहे. पातं फिरत असताना मशीन थांबलंच पाहिजे.

गिअरबॉक्स

हा शक्यतो उघडू नका. बहुतेक गिअरबॉक्स कारखान्यातच भरून बंद केलेले असतात. शाफ्टच्या सीलजवळ ओल दिसते का, शाफ्ट वरखाली हलतो का आणि फिरवताना आतून करकर येते का, एवढं बघा. यातलं काही नसेल तर पुढे जा.

करकर येत असेल आणि केस स्क्रूने जोडलेली असेल, तर गमावण्यासारखं फार नाही. वर्म आणि त्याचा गिअर एकमेकांवर लोळत नाहीत, घासतात. म्हणून इथे वंगण सतत वाहून दात्यांवर परत यायला लागतं. घट्ट ग्रीस एकदा बाजूला फेकलं गेलं की तिथेच भिंतीला चिकटून बसतं आणि गिअर कोरडा फिरतो. यासाठी क्रमांक ० किंवा ०० चं वाहतं ग्रीस घ्या आणि साधारण अर्धी जागाच भरा. पूर्ण भरलं तर तापल्यावर ते सीलमधून वाट काढतं. एपी-३ मध्ये इंजिन ऑइल कालवून पातळ करायचा जुगाड करू नका. ते मिश्रण टिकत नाही, तेल वेगळं होऊन गळतं. उघडल्यावर गिअर पितळी असून त्याचे दाते सुरीसारखे पातळ झालेले दिसले, तर त्याला ग्रीस वाचवू शकणार नाही.

कधी करायचं

वापराच्या साधारण २५ तासांनी चाकं बघावीत, हा ढोबळ नियम. पुण्याच्या हवामानात मी तारखांपेक्षा पावसावर चालतो. मे अखेरीला पूर्ण काम: उघडणं, धुणं, ग्रीस. जून ते सप्टेंबर लॉनची जात हरळी असो की सिलेक्शन वन, दर आठवड्याला कापावी लागते आणि ओलं गवत चाकांत शिरत राहतं. म्हणून गणपतीच्या आसपास एकदा चाकं काढून पुसून घ्यायची, नवीन ग्रीस गरज दिसली तरच. दसऱ्यानंतर वाढ मंदावली की पुन्हा पूर्ण काम, कारण ओल्या मातीसकट मशीन थंडीभर उभं राहिलं तर शाफ्ट आणि चावी एकमेकांना गंजाने धरतात. पावसाळ्यात रोजच्या वापरानंतर पाच मिनिटं चाकांमागचं गवत काडीने काढलं, तर ही सगळी कामं निम्म्या वेळात होतात.

काम झाल्यावर मशीन आधी लॉनच्या सपाट भागावर, पातं न लागता चालवता येत असेल तर तसं, एक फेरी चालवा. दोन्ही चाकं सारखी ओढतात का, लिव्हर सोडल्यावर लगेच सुटतात का, वळताना बाहेरचं चाक मोकळं धावतं का, हे बघा. मग चढावर. थोडा वेळ चालल्यावर चाकांच्या कडेने ग्रीस बाहेर आलेलं दिसेल, ते पुसून टाका. तेवढं जास्तीचं होतं.

घमेल्यातलं काळं डिझेल आणि खरवडलेलं ग्रीस बागेत किंवा गटारात ओतू नका. लॉनवर सांडलं तर तिथली हरळी जळते आणि तो डाग बराच काळ उघडा राहतो. झाकणाच्या डब्यात भरून जवळच्या गॅरेजमध्ये जुन्या ऑइलच्या पिंपात द्या. ग्रीसचे बोळेही त्याच डब्यात घाला, उन्हात कोपऱ्यात ढीग करून ठेवू नका.